खिशावरची ढाल

चवथीच्या आधी माळा आवरायची आमच्या घरची जुनी रीत आहे. माटोळीची लाकडी चौकट खाली काढायची, वर्षभराची धूळ पुसायची, तांब्याची भांडी चिंच लावून घासायची. हे करताना दरवर्षी काहीतरी विसरलेले हाती लागते. दोन वर्षांपूर्वी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, जुनी बटणे आणि पोर्तुगीज काळातली दोन-चार नाणी यांच्याखाली, एक कापडी बिल्ला सापडला. कोटाच्या खिशावर शिवतात तसा. आमचे थोरले काका मुक्तीच्या आधी शिकायला मुंबईला गेले होते, सेंट झेवियर्स कॉलेजात. बिल्ला त्यांचा. ढालीचा आकार ओळखू येत होता, आतल्या नक्षीचे धागे उसवले होते. खालच्या फितीवरची रोमी अक्षरे मात्र शाबूत होती: 'प्रोव्होकान्स आद व्होलान्दुम'.

आठवीत शिकणाऱ्या नातीने विचारले, "याचा अर्थ काय?" घरात आम्ही चार मोठी माणसे होतो. त्यातली दोघे पाद्रींच्या शाळेत शिकलेली. उत्तर कोणालाच आले नाही. मग तिने स्वतःच्या गणवेशावरच्या बिल्ल्याकडे बोट दाखवले. "बरं, याचा?" पुन्हा सगळे गप्प. "एवढी वर्षं घातलात आणि कधी विचारलं नाहीत?"

विचारले नव्हते, हे खरे. या लेखाचे मूळ त्या प्रश्नात आहे. गोव्यातल्या कितीतरी मराठी घरांत दोन-दोन, तीन-तीन पिढ्यांनी ख्रिस्ती शाळांची ढाल छातीवर वागवली. सकाळी देवघरात नमस्कार करून मुले त्या शाळेत गेली, इंग्रजी आणि गणित शिकली, मोठी झाली. ढालीवर काय काढले आहे आणि फितीवर काय लिहिले आहे, हे वाचायचे तेवढे राहून गेले. म्हटले, यंदाच्या स्मरणिकेच्या निमित्ताने ते वाचून पाहू.

ढाल आणि मुद्रा

चिन्हांकित ढालीची प्रथा युरोपात बाराव्या शतकात रुजली. लोखंडी शिरस्त्राणात तोंड झाकलेला सरदार रणात ओळखावा कसा? त्यासाठी ढालीवर ठळक रंगांत खूण काढत. खूण दुरून दिसली पाहिजे, म्हणून नियमही तसेच झाले. सोनेरी आणि रुपेरी यांना 'धातू' म्हणायचे, लाल, निळा, काळा, हिरवा यांना 'रंग'. धातूवर धातू ठेवायचा नाही आणि रंगावर रंग ठेवायचा नाही. पिवळ्यावर पांढरे काढले तर लांबून दिसणार काय? पुढे ही खूण बापाकडून मुलाकडे जाऊ लागली, घराण्याची झाली. मग शहरांनी, धर्मपीठांनी, विद्यापीठांनी आणि शेवटी शाळांनी ती उचलली. ढालीखाली फीत आली आणि फितीवर ब्रीदवाक्य आले.

आपल्याकडे ढालीपेक्षा मुद्रेचा मान मोठा. शिवाजी महाराजांची अष्टकोनी राजमुद्रा संस्कृतात आहे आणि तिच्यात वाढत जाणाऱ्या प्रतिपदेच्या चंद्राची उपमा आहे. तिथे चित्र नाही, अक्षरेच चित्राचे काम करतात. मराठी संस्थानांना युरोपीय धाटणीची ढाल मिळाली ती बरीच नंतर. 1877 सालच्या दिल्ली दरबारात संस्थानिकांना जे ध्वज दिले गेले, त्यांवरच्या ढाली बंगाल सिव्हिल सर्व्हिसमधल्या रॉबर्ट टेलर या इंग्रज अधिकाऱ्याने आखल्या होत्या. बडोद्याचे ब्रीद मात्र अस्सल मराठा बाण्याचे, 'जीन घर, जीन तख्त'. घोड्याचे खोगीर हेच घर आणि तेच सिंहासन. ढाल परक्या रिवाजाची असली तरी तिच्यावरचे शब्द आपले असू शकतात, हे लक्षात ठेवू. पुढे त्याचे काम पडणार आहे.

तीन अक्षरे

जुन्या गोव्याला जाऊन बॉम जेझूच्या दर्शनी भिंतीसमोर उभे राहा. या वास्तूचे काम 1594 साली सुरू झाले आणि 1605 मध्ये ती पुरी झाली. जांभ्या दगडाच्या या भिंतीवर कोरीव कामासाठी काळा बसॉल्ट वापरला आहे, आणि तो वसईकडून आणलेला, म्हणजे आपल्याच सह्याद्रीचा. मान वर केली की अगदी माथ्याशी तीन मोठी अक्षरे दिसतात: आय, एच, एस. पाहुण्यांना आपण कितीदा तिथे नेले असेल. अक्षरे पाहिली, वाचली नाहीत.

ती दिसायला रोमी, पण मुळात ग्रीक आहेत. ग्रीक लिपीत येशूचे नाव लिहिताना पहिली तीन अक्षरे येतात इओटा, एटा आणि सिग्मा. एटा दिसतो रोमी 'एच'सारखा, पण त्याचा उच्चार 'ए'. म्हणजे ही अक्षरे नावाचा संक्षेप आहेत, आपण 'श्री' लिहितो तितकाच साधा. पुढे लॅटिन जाणणाऱ्यांनी त्यांतून 'मानवांचा तारक येशू' असा तीन शब्दांचा अर्थ काढला. तो सुंदर आहे, पण मागाहून बसवलेला आहे. पंधराव्या शतकात सिएनाचा बर्नार्दिन हा फ्रान्सिस्कन उपदेशक ही अक्षरे फळीवर रंगवून, भोवती सूर्याचे किरण काढून गावोगाव दाखवत असे. इग्नेशियस लॉयोलाने 1540 साली पोपच्या संमतीने येशूसंघ स्थापन केला आणि संघाच्या मुद्रेवर हीच अक्षरे घेतली. मधल्या अक्षरावर क्रूस, खाली तीन खिळे आणि भोवती किरणे, ही जेझुइटांची नेहमीची मांडणी. 2013 साली निवडून आलेले पोप फ्रान्सिस हे पहिले जेझुइट पोप. त्यांच्या ढालीवरही हाच सूर्य होता.

आमच्या म्हापशाचे सेंट ब्रिटो, मडगावचे लॉयोला आणि मुंबईचे झेवियर्स या सगळ्या याच संघाच्या संस्था. संघाचे ब्रीद आहे 'आद मायोरेम देई ग्लोरियाम', म्हणजे देवाच्या अधिक मोठ्या गौरवासाठी. यात 'मायोरेम' हा शब्द नीट पाहण्यासारखा आहे. तो 'सर्वांत मोठ्या' असे म्हणत नाही, 'अधिक मोठ्या' असे म्हणतो. म्हणजे काम कधी पुरे होत नाही, आज केले त्याहून उद्या थोडे जास्त करायचे असते. जेझुइट शाळांतली मुले वहीच्या पानाच्या डोक्यावर या चार शब्दांची आद्याक्षरे लिहीत. आमच्या आजीच्या किराणा मालाच्या यादीवरही सगळ्यांत वर 'श्री' असायचे. गूळ अर्धा किलो लिहिण्याआधी सुद्धा. कागद कोरा घेतला की आधी कोणाचे तरी स्मरण करायचे, ही सवय दोन्हीकडे एकच.

लांडगे आणि हंडा

जेझुइट संस्थांच्या ढालींवर बऱ्याचदा एक चमत्कारिक चित्र असते. साखळीने टांगलेला हंडा, आणि त्याच्या दोन बाजूंना हंड्यावर पंजे ठेवून उभे असलेले दोन लांडगे. हे लॉयोला घराण्याचे चिन्ह. स्पेनच्या बास्क मुलखात अस्पेतियाजवळ या घराण्याची गढी आहे. इग्नेशियसचा जन्म तिथलाच, 1491 सालचा. स्पॅनिश भाषेत लांडग्याला 'लोबो' म्हणतात आणि हंड्याला 'ओया'. त्यावरून लॉयोला हे नाव आले अशी लोकांनी केलेली फोड आहे. दुसरी कथा अधिक गोड आहे. हे घराणे इतके सढळ हाताचे होते, की पदरच्या सैनिकांचे जेवण उरकल्यावरही हंड्यात रानातल्या लांडग्यांपुरते उरायचे, असे सांगतात.

कथा खरी की खोटी, हा प्रश्न बाजूला ठेवू. घराण्याने जगाला दाखवायला काय निवडले ते पाहू. तलवार होती, सिंह होता, गरुड होता. त्यांनी स्वयंपाकघरातला हंडा निवडला. चवथीच्या पाच दिवसांत ज्यांच्या घरी येईल-जाईल त्याला पान वाढले जाते, त्यांना हे चिन्ह समजावून सांगायला लागत नाही. याच ढालीच्या दुसऱ्या अर्ध्यात सोनेरी पार्श्वभूमीवर सात लाल पट्टे असतात. ते लॉयोलांशी सोयरीक झालेल्या ओन्यास घराण्याचे. बेओतिबारच्या 1321 सालच्या लढाईत गाजलेल्या सात भावांची ती आठवण मानतात. म्हणजे एका अर्ध्यात तलवारीचा पराक्रम आणि दुसऱ्यात अन्नाचा.

चंद्रकोर

झेवियर्स नावाच्या अनेक शाळांच्या ढालीवर चौकटी-चौकटींची चंद्रकोर दिसते. हे फ्रान्सिस झेवियरच्या घराण्याचे चिन्ह. नाव्हारे राज्यातल्या हाविएरच्या किल्ल्यात 1506 साली त्याचा जन्म झाला. त्याच्या लहानपणीच, 1512 मध्ये, कास्तीलने नाव्हारे जिंकले. 1516 साली हाविएरची तटबंदी पाडण्याचा हुकूम झाला. दहा वर्षांच्या मुलाने आपल्या घराचे बुरूज पडताना पाहिले.

1521 मध्ये नाव्हारेचे लोक फ्रेंचांच्या मदतीने उठले आणि पांप्लोनाच्या किल्ल्यावर चालून गेले. झेवियरचे थोरले भाऊ चढाई करणाऱ्यांत होते. किल्ला लढवणाऱ्यांत होता इग्नेशियस. 20 मे रोजी तोफेच्या गोळ्याने इग्नेशियसचा पाय मोडला, आणि अंथरुणात पडल्या-पडल्या वाचता-वाचता त्याचे आयुष्य पालटले. पुढे 1529 साली पॅरिसच्या सेंत बार्ब कॉलेजात हे दोघे एका खोलीत राहायला आले. एकाच्या भावांच्या बाजूने दुसऱ्याचा पाय निकामी केला होता, दुसऱ्याच्या बाजूने पहिल्याचे घर जमीनदोस्त केले होते. तरीही ते मित्र झाले. लॉयोलाचे लांडगे आणि झेवियरची चंद्रकोर आज एकाच संघाच्या खुणा आहेत त्यामागे ही मैत्री आहे. शाळेत आम्हाला झेवियरच्या सनावळ्या शिकवल्या, ही गोष्ट कोणी सांगितली नाही. मुलांना सांगण्यासारखी तीच होती.

न विसरण्याची बाजू

इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. नाहीतर हा लेख अर्धा राहील.

झेवियर 6 मे 1542 रोजी गोव्यात उतरला. त्याआधी 1510 साली, सेंट कॅथरीनच्या सणाच्या दिवशी, आल्बुकेर्कने हे शहर घेतले होते. म्हणून कॅथरीनच्या छळाची खूण असलेले चाक हे गोवे शहराचे चिन्ह झाले. 1541 मध्ये तिसवाडीतल्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न नव्या धर्मसंघटनेकडे वळवले गेले. त्यातूनच जुन्या गोव्याचे सेंट पॉल कॉलेज उभे राहिले. पुढे ते जेझुइटांकडे आले. आमच्यातल्या कित्येकांची कुलदैवते त्या काळात खाडी ओलांडून गेली. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. 1560 मध्ये सुरू झालेले इन्क्विझिशन 1812 पर्यंत टिकले. 1583 साली कुंकळ्ळीत पाच जेझुइट मारले गेले आणि नंतर तिथल्या गावकऱ्यांना असोळण्याला बोलावून ठार करण्यात आले. 1684 साली तर लोकांनी तीन वर्षांत पोर्तुगीज शिकून आपली भाषा सोडावी असा हुकूम निघाला.

म्हणजे बॉम जेझूच्या माथ्यावरची ती तीन अक्षरे आमच्या पूर्वजांना सत्तेची अक्षरे म्हणून दिसली असणार. हे लपवून ढालीचे कौतुक करणे खोटेपणाचे होईल.

पण त्याच सेंट पॉल कॉलेजात 1556 साली भारतातला पहिला छापखाना आला. आज त्या कॉलेजाची एक कमान तेवढी उभी आहे. त्याच संघातला थॉमस स्टीफन्स हा इंग्रज 1579 साली गोव्यात आला, सासष्टीत राहिला, आपली भाषा शिकला आणि 'क्रिस्तपुराण' त्याने मराठी ओवीत लिहिले. ते 1616 मध्ये रायतूरला छापले गेले, रोमी लिपीत. दहा हजारांवर ओव्या. त्यात मराठी भाषेची स्तुती त्याने ज्या प्रेमाने केली, तशी करणारे आपल्यातही थोडेच. भाषा सोडा असा हुकूम काढणारे आणि भाषेवर जीव टाकणारा हा परदेशी, दोघे एकाच राजवटीच्या छायेत होऊन गेले. चिन्ह एक असले तरी त्याखाली वावरणारी माणसे एक नसतात. काळही एक राहत नाही. 1759 मध्ये पोर्तुगालनेच जेझुइटांना आपल्या मुलखातून हाकलले. 1773 मध्ये पोपने संघ बरखास्त केला आणि 1814 मध्ये तो पुन्हा उभा राहिला. आमच्या काकांनी ज्या संस्थेची ढाल वागवली, ती या दुसऱ्या जन्मातली. तिच्या हाती राजदंड नव्हता, खडू होता. त्या काळी इंग्रजी शिक्षण हवे असलेली गोव्यातली मुले बेळगाव, धारवाड, पुणे, मुंबई गाठत. तिथे काकांना धर्म विचारून कोणी वर्गाबाहेर बसवले नाही, असे ते सांगत. जुना सल आणि हे ऋण, दोन्ही एकाच घरात राहू शकतात. आमच्या घरात ती राहिली.

फितीवरचे शब्द

आता त्या बिल्ल्याकडे परत येऊ. 'प्रोव्होकान्स आद व्होलान्दुम' हे शब्द बायबलच्या जुन्या करारातले, 'अनुवाद' या पुस्तकाच्या 32व्या अध्यायातले आहेत. अर्थ 'उडायला उद्युक्त करणारा'. तिथे चित्र आहे गरुडाचे. गरुड पिलांचे घरटे हलवतो, वर घिरट्या घालतो आणि पंख पसरून पिलांना आधार देतो. 1869 साली सुरू झालेल्या कॉलेजाने आपल्यासाठी हे ब्रीद घेतले.

यातली खोच पहिल्या शब्दात आहे. 'प्रोव्होकान्स'चा अर्थ नुसते 'प्रोत्साहन' नाही, त्यात डिवचणे आहे. पिलाला घरट्यात ऊब असते, आयते खाणे असते. ते आपण होऊन उडत नाही. घरटे हलवावे लागते. काकांना मुंबईला पाठवताना आजीने दोन दिवस काही खाल्ले नाही, पण बोट सुटायच्या वेळी "पत्र घाल" एवढेच म्हणाली आणि मागे वळली. लॅटिन तिला ठाऊक असायचे कारण नव्हते. ब्रीद मात्र तिने पाळले.

मग आम्ही इतर जेझुइट संस्थांची ब्रीदे शोधली, आणि एकेक वाक्य घरात बोलून पाहिले.

मुंबईच्या सेंट झेवियर्स हायस्कुलाचे ब्रीद 'दुक इन आल्तुम'. लूकच्या शुभवर्तमानात रात्रभर जाळे टाकून हात हलवत परतलेल्या कोळ्यांना येशू सांगतो, होडी खोल पाण्यात ने. आमच्या किनाऱ्यावर रांपण ओढताना ज्यांनी पाहिली आहे त्यांना यातला फरक लगेच कळेल. रांपण किनाऱ्याशी राहून ओढायची असते. मोठ्या मासळीसाठी किनारा दिसेनासा होईपर्यंत जावे लागते. अपयशाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ऐकायचे वाक्य आहे हे.

मंगळूरच्या सेंट अलॉयशियस कॉलेजाचे, स्थापना 1880, ब्रीद 'लुचेत एत आर्देत', म्हणजे उजळतो आणि जळतो. योहानाच्या शुभवर्तमानात बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाला जळता, प्रकाश देणारा दिवा म्हटले आहे, त्यावरून हे आले. प्रकाश सगळ्यांना हवा असतो. त्यासाठी वात जळते हे या तीन शब्दांत सांगून टाकले आहे. शिक्षकाच्या पेशाला याहून नेमके वाक्य आम्हाला सापडले नाही.

कोलकात्याचे सेंट झेवियर्स 1860 सालचे. जगदीशचंद्र बोस तिथे शिकले, आणि रवींद्रनाथ ठाकुरांनी थोडे दिवस तिथे काढले. त्याचे ब्रीद 'निहिल उल्त्रा', म्हणजे यापलीकडे काही नाही. हे वाक्य दोन्ही बाजूंनी वाचता येते. "आमच्यापुढे कोणी नाही" असे वाचले तर गर्व. "याहून कमी काही चालायचे नाही" असे वाचले तर शिस्त. आमच्या नातीचे म्हणणे, ते परीक्षेच्या आदल्या रात्री एका अर्थाने वाचायचे आणि निकालानंतर दुसऱ्या अर्थाने. आम्हाला ते पटले.

ही चार वाक्ये लॅटिनमध्ये आहेत आणि त्यांचा उगम ख्रिस्ती धर्मग्रंथांत किंवा परंपरेत आहे. पण त्यांतले गरुड, समुद्र, दिवा हे सगळे आमच्या ओळखीचे निघाले. गरुड तर आमच्या विष्णूचे वाहन. अर्थ कळल्यावर ढाल परकी राहिली नाही, आणि आमचे देवघरही कुठे गेले नाही. वर्षानुवर्षे न वाचल्यामुळे ती उगाच परकी राहिली होती. तिला मान देणे आणि तिच्याशी वाद घालणे, दोन्ही त्यामुळेच राहून गेले होते.

आमचा स्वतःचा बिल्ला

हा लेख इथेच संपला असता. पण गेल्या महिन्यात मंडळाच्या सभेत एक विषय निघाला. मंडळाच्या बिल्ल्यावर समई आहे आणि तिच्याखाली दोन शब्द: 'तेवत राहू'. संस्थापक पिढीने ते निवडले. सूचना अशी, की नवीन बिल्ले करताना हे शब्द काढावेत, समईचे चित्र तेवढे ठेवावे. कारण दिले गेले ते प्रामाणिक होते. मुलांना 'तेवणे' हा शब्द कळत नाही. काहींना देवनागरी वाचायलाही वेळ लागतो. न वाचले जाणारे शब्द ठेवून करायचे काय?

आम्हाला एकदम बिस्किटाचा डबा आठवला. चार मोठी माणसे, एक फीत, आणि उत्तर नाही. परक्या भाषेतली फीत आम्ही वाचली नाही, त्याबद्दल लाजलो. आता आमचीच फीत आमची मुले वाचेनाशी झाली आहेत, तर त्यावर उपाय म्हणून फीतच कापून टाकायची?

लॅटिन आज कोणाच्या घरात बोलली जात नाही. तरी त्या संस्थांनी फीत कापली नाही. शब्द ठेवले आणि ज्याने विचारले त्याला अर्थ सांगितला. मराठी तर आमच्या घरात अजून बोलली जाते, ओरडण्यापुरती का होईना. बदल करूच नये असे आमचे म्हणणे नाही. चिन्हे बदलतात. गोवे शहराचे कॅथरीनचे चाक मागे पडले, आजच्या गोव्याच्या शासकीय बोधचिन्हात वृक्षदीप आहे, आणि ते योग्यच झाले. पण तो बदल लोकांनी जाणून केला. अर्थ माहीत असताना चिन्ह बदलणे वेगळे, अर्थ विसरल्यामुळे ते गळून पडणे वेगळे.

चवथीला आम्ही माटोळी बांधतो. नारळ, सुपारीचा घोस, केळीचा घड, चिबूड, तोरिंजन, आंबाडे, आणि रानातून शोधून आणलेली फळे-पाने. युरोपातल्या सरदाराची ढाल असते तशी ही आमच्या घराची खूण. फरक एवढाच, की ती दरवर्षी नव्याने बांधावी लागते. बांधताना खाली मूल उभे असते आणि विचारते, हे काय, ते कशाला? शिडीवरचा माणूस नाव सांगतो. ज्या वर्षी शिडीवरच्या माणसाला नाव सांगता येणार नाही, त्या वर्षी त्या फळाची जागा रिकामी राहील, आणि त्याच्या पुढच्या वर्षी ती रिकामी आहे हेही कोणाच्या लक्षात येणार नाही.

म्हणून कार्यकारिणीपुढे आमची सूचना साधी आहे. शब्द राहू द्यावेत. उत्सवाच्या पहिल्या संध्याकाळी, आरतीनंतर, मंडळातल्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने उभे राहून 'तेवत राहू' म्हणजे काय ते आपल्या शब्दांत सांगावे. दरवर्षी वेगळ्या मुलाने. मराठीत सांगावे, अडखळले तरी चालेल. आणि ज्यांच्या गणवेशावर लॅटिन, इंग्रजी, संस्कृत ब्रीदे आहेत त्यांनी तीही वाचून दाखवावीत, शाळा कोणाचीही असो.

यंदाचे नाव ठरले आहे. बिल्ला सापडला त्या दिवशी प्रश्न विचारणारी आमची नात आता दहावीत आहे. काकांचा बिल्ला तिने स्वच्छ करून काचेच्या चौकटीत बसवला, आणि खाली स्वतःच्या अक्षरात देवनागरीत लिहिले: 'उडायला लावणारा'. 'लावणारा' की 'डिवचणारा', यावर घरात अजून वाद चालू आहे. पहिल्या संध्याकाळी आरतीला या, तुमचेही मत सांगा.